जुन्या नौकेचें अंतरंग

मासे धरणाऱ्या नौका दोन प्रकारच्या असतात. कांहीं पोटासाठीं समुद्रांत जातात, कांहीं हौसेसाठीं. पहिल्या आपल्या कोंकणपट्टीला नव्या नाहींत. मी आज दुसऱ्या प्रकाराविषयीं बोलणार आहें, आणि त्याचें माहेर अमेरिका आहे. कॅलिफोर्नियाजवळील कॅटालिना बेटावर चार्ल्स फ्रेडरिक होल्डर नांवाच्या गृहस्थानें १८९८ सालीं १८३ पौंड वजनाचा ट्यूना मासा केवळ गळकाठीच्या जोरावर ओढून काढला, आणि त्याच वर्षीं तेथील ॲव्हलॉन गांवीं अशा हौशी मंडळींचा ट्यूना क्लब स्थापन झाला. पुढें या छंदासाठीं मुद्दाम नौका बांधल्या जाऊं लागल्या. प्रसिद्ध कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वे यानें १९३४ सालीं ब्रुकलिन येथील व्हीलर यांच्या कारखान्यांतून ‘पिलार’ नांवाची अडतीस फुटी लांकडी नौका घेतली. क्यूबांत हव्हाना शहराजवळ त्याच्या जुन्या घराच्या आवारांत ती आजहि जपून ठेवलेली आहे.

ही नौका असते कशी? लांबी साधारणपणें तीस ते साठ फूट. मागील भाग उघडा व पाण्यापासून फार उंच नसलेला, म्हणजे मोठा मासा गळाला लागला कीं त्याच्याशीं झुंजावयास जागा मिळते. पुढील भागांत एक लहानसें घर: बसावयाची खोली, दोन पावलांचें स्वयंपाकघर, निजावयाच्या जागा आणि एक संडास. सुकाणूं पुष्कळदां या घराच्या छपरावर. दोन्ही बाजूंस लांब काठ्या, गळांच्या दोऱ्या एकमेकींत गुंतूं नयेत म्हणून. हें सारें लाटांवरून आपटत, धडधडत वेगानें जावयाचें. म्हणजे रोज भूकंप होणाऱ्या गांवीं बांधलेलें हें घर. वरून पाऊस आणि खालून समुद्र.

नौका लांकडाच्या होत्या तोंपर्यंत त्यांचा देह व अंतरंग हीं बरोबरच म्हातारीं होत. आंतील भाग तेवढा नवा करावा काय, असा प्रश्न वेगळा उभा राहत नसे. तो उभा केला फायबरग्लासनें. कांचेच्या तंतूंचें कापड राळेंत भिजवून सांच्यावर थरावर थर बसविले कीं जो कठीण पदार्थ तयार होतो तो हा. नॉर्थ कॅरोलिना राज्यांतील हाय पॉइंट हें गांव टेबलें, खुर्च्या, पलंग यांच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध. समुद्र तेथून बराच दूर. तेथील विलिस स्लेन यानें जॅक हारग्रेव्ह याजकडून आराखडा करवून एकेचाळीस फुटी नौका फायबरग्लासची बांधली व १९६० सालीं पाण्यांत सोडली. हॅटेरस नांवाच्या नौकांची ती पहिली. त्याच वर्षीं मायामी ते नॅसॉ ही खवळलेल्या समुद्रांतील शर्यत ‘मॉपी’ या नौकेनें जिंकली. तिचा तळ रे हंट यानें खोल पाचरीसारखा आखला होता. तिच्या धर्तीवर रिचर्ड बर्ट्रम यानें एकतीस फुटी नौका विक्रीस काढल्या, आणि त्या पुढें दोन दशकांहून अधिक काळ बांधल्या जात होत्या.

या नौकांचें कवच पन्नास-साठ वर्षांनींहि बहुधा शाबूत असतें. आंतील फळ्या, गाद्या, तारा, नळ्या मात्र केव्हांच निकालांत निघालेल्या असतात. म्हणून अमेरिकेंत अशी जुनी नौका स्वस्तांत घेऊन तिचें अंतरंग नवें करणारीं माणसें पुष्कळ आहेत. नव्या नौकेची किंमत मध्यम स्थितींतील कुटुंबाच्या आटोक्याबाहेर गेली आहे, हें त्याचें साधें कारण.

मला हें ठाऊक असण्याचें कारण असें कीं, शाळेंत मी इतर विषयांबरोबर मुलांस सुतारकाम शिकवीत असें, आणि सेवानिवृत्तीनंतर मुलीकडे न्यू जर्सींत दोन हिंवाळे राहण्याचा योग आला. तिकडे हिंवाळ्यांत नौका पाण्याबाहेर काढून लोखंडी टेकूंवर उभ्या करतात आणि पांढऱ्या प्लॅस्टिकांत गुंडाळून ठेवतात. शेजारच्या एका गृहस्थांनीं १९७२ सालची एकतीस फुटी नौका नुकतीच घेतली होती. उन्हाळ्यांत दोन नातवंडांना घेऊन रात्रीं नौकेवरच मुक्काम करावा असा त्यांचा बेत होता. माझ्या हाताला पटाशीची संवय आहे असें त्यांस कळलें म्हणा, किंवा मला दुसरा उद्योग नव्हता म्हणा, त्या नौकेच्या पोटांत माझे बरेच दिवस गेले.

विकणाऱ्यानें आंत नवा करडा गालिचा घातला होता आणि भिंतींस ताजा पांढरा रंग दिला होता. पाहतांच कोणासहि ती पसंत पडावी. गालिच्याचा कोपरा उचलला तेव्हां खालचें प्लायवूड बोटानें दाबलें तरी आंत जात होतें. जुन्या नौकेंतील सर्व वस्तूंत मला विशेष राग येतो तो या नव्या गालिच्याचा. फाटका गालिचा निदान खरें बोलतो.

लांकूड कुजतें तें केवळ वयामुळें नव्हे. त्यास कुजविणारी एक बुरशी असते आणि ती जगण्यास ओलावा लागतो. शेंकडा वीसांहून कमी ओलावा असलेल्या लांकडांत ती वाढत नाहीं. मौज अशी कीं, समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षां पावसाचें गोडें पाणी लांकडाचा अधिक घात करतें; कारण मिठापुढें या बुरशीचें फारसें चालत नाहीं. तेव्हां नौका तळाकडून कुजते हा सर्वसाधारण समज फारसा खरा नाहीं. ती छपराकडून कुजते. खिडक्यांच्या चौकटी, कठड्याचे खांब, छपरावरील मनोऱ्याचे पाय, त्या लांब काठ्यांच्या बैठकी, गळकाठ्या उभ्या करण्याच्या नळ्या, असें जेथें जेथें म्हणून फायबरग्लासला भोंक पाडून स्क्रू बसविला आहे तेथें तेथें पाणी आंत शिरण्याची वाट आहे. या नौकांच्या समोरच्या कांचा तर इतक्या गळक्या कीं, पुष्कळ मालक त्या सरळ काढून टाकतात व ती जागा फायबरग्लासनें कायमची बुजवितात. सुकाणूं वर असल्यामुळें पुढचें दिसण्यास त्यांवांचून अडत नाहीं.

म्हणून अंतरंग नवें करावयाचें तर पहिलें काम बाहेर करावें लागतें. जुनें अस्तर काढून टाकावें, आंत एक जण विजेची बत्ती घेऊन बसावा आणि दुसऱ्यानें बाहेरून रबरी नळीनें पाणी सोडावें. यांत एक युक्ति आहे. पाणी खालून वर न्यावें, वरून खालीं नव्हे. आधीं खिडकीचा तळ, मग बाजू, मग माथा, मग छप्पर. आणि प्रत्येक ठिकाणीं दहा मिनिटें तरी थांबावें. वरून आरंभ केला तर सगळेंच ओलें होतें व मूळ छिद्र कोणतें तें कळत नाहीं. संशयित जागीं आंतून अंगाला लावावयाची पावडर भुरभुरली तर पाण्याचा ओघळ स्वच्छ उमटतो. आमच्या नौकेंत एका खिडकीखालीं पाणी दिसत होतें, पण तें शिरत होतें तेथून पांच फूट पुढें, कठड्याच्या एका खांबाशीं. खिडकी नवी बसवून कांहींच साधलें नसतें.

छिद्र सांपडल्यावर वरून लांबी फासून भागत नाहीं. तो खांब पुरता काढावा, भोंक मुद्दाम मोठें करावें, आंतील ओलें कुजकें लांकूड कोरून काढावें, तें वाळूं द्यावें, मग तें भोंक इपॉक्सी राळेनें भरून टाकावें. राळ घट्ट झाल्यावर तिच्या मधोमध स्क्रूपुरतें लहान भोंक पाडावें. आतां उद्यां वरची लांबी सुटली तरी पाणी राळेशींच अडतें, लांकडापर्यंत पोंचत नाहीं. काम कंटाळवाणें आहे. अशीं साठ-सत्तर भोंकें एका नौकेंत सहज निघतात. शिवाय कडक थंडींत राळ घट्टच होत नाहीं, म्हणून आम्हीं विजेची शेगडी लावून जागा ऊबदार ठेवीत होतों.

यानंतर ठोकून पाहण्याचें काम. लहान हातोडीनें फळी व तळ ठोकीत जावें. निरोगी जागा टणक वाजते, आणि कुजलेली जागा आपण फणस वाजवून पाहतों तशी बद्द वाजते. येथें एक गोष्ट घरच्या माणसाच्या ध्यानांत येत नाहीं. नौकेंतील आडव्या भिंती म्हणजे घरांतील पडदीसारखा केवळ आडोसा नव्हे. त्या कवचाचा आकार धरून ठेवतात. बाहेरून टेकू न देतां दोन भिंती एकदम कापून काढल्या तर कवच फांकतें आणि नवी भिंत कितीहि बिनचूक कापली तरी बसत नाहीं. म्हणून एकेक भिंत काढावी, ती बसवावी, मग दुसरीला हात घालावा. कापतांना उडणारी कांचेची धूळ फुप्फुसांत जाऊं नये म्हणून तोंडावर नुसता रुमाल नव्हे, गाळणी असलेला मुखवटा पाहिजे.

एवढें झालें म्हणजे सुतारास हुरूप येतो, पण त्यानें अजून थांबावयास हवें. जें पुढें फळ्यांआड जाणार तें आधीं नीट केलें पाहिजे. पहिल्या प्रथम तारा. घराच्या भिंतींत चालते ती एकेरी जाड तांब्याची तार येथें कांपऱ्यानें तुटते. बारीक तंतूंची, कल्हई केलेली तार लागते. बॅटरीपासून सात इंचांच्या आंत फ्यूज असावा असा तिकडील नियम आहे. हा व असे अनेक नियम अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल ही १९५४ सालीं स्थापन झालेली संस्था ठरवून देते. मग नळ्या. संडासाच्या नळ्या जुन्या झाल्या कीं दुर्गंधि त्यांच्या अंगांतूनच झिरपूं लागतो, आणि मालक बिचारा फरशी धुवीत बसतो. त्याची परीक्षा सोपी आहे: कोमट पाण्यांत पिळलेलें फडकें नळीवर पांच मिनिटें गुंडाळून ठेवावें, मग दूर नेऊन त्याचा वास घ्यावा. वास आला तर ती नळी फेंकून द्यावी. तिसरी गोष्ट पेट्रोलची टांकी. ती बहुधा फळ्यांखालीं दडलेली असते, आणि नवी जमीन तिच्यावर कायमची ठोकून बसविणें म्हणजे दोन वर्षांनीं ती जमीन फोडण्याची तरतूद आजच करून ठेवणें होय. एके काळीं कांहीं कारखान्यांनीं या टांक्याहि फायबरग्लासच्या केल्या होत्या. हल्लींच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनें त्यांची राळ मऊ पडते व ती एंजिनांत जाते.

येथपर्यंत पैशाच्या नुकसानीची गोष्ट झाली. आतां जी सांगणार आहें ती जिवाची आहे. पेट्रोलच्या एंजिनांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. वेगानें जाणाऱ्या नौकेचा मागचा भाग सपाट व रुंद असल्यामुळें तिच्या पाठीमागें हवेची पोकळी होते, आणि मागून सोडलेला धूर उलट फिरून उघड्या दारानें घरांत शिरतो. घर जितकें बंदिस्त, ऊबदार व पडदे लावून सजविलेलें, तितका हा धूर आंत कोंडून राहतो. म्हणजे अंतरंग सुधारण्याच्या भरांत माणूस स्वतःसाठीं सांपळाच तयार करतो. रात्रीं वातानुकूलनासाठीं विजेचें यंत्र चालू ठेवून निजणें तर त्याहून धोक्याचें. झोंपलेल्या माणसास गुंगी आल्याचेंहि कळत नाहीं. डिझेलच्या एंजिनांतून हा वायु पुष्कळ कमी निघतो, पण निघत नाहीं असें नाहीं. निजावयाच्या प्रत्येक खोलींत या वायूची सूचना देणारी घंटा बसविणें हा एकच मार्ग आहे, आणि त्या घंटेवरहि बाद होण्याची तारीख छापलेली असते ती पाहावी. शेजाऱ्यांच्या नौकेंत जुनी घंटा होती. ती भिंतीच्या ताज्या रंगाखालीं रंगविली गेली होती. त्यांच्या नातवंडांचीं अंथरुणें नेमकीं त्याच भिंतीशीं घालावयाचीं होतीं. त्या दिवशीं त्यांनीं दुसरें काम केलें नाहीं. दुकानीं जाऊन दोन घंटा आणल्या आणि त्या बसविल्यावरच ते घरीं गेले.

स्वयंपाकाच्या वायूचा स्वभाव वेगळा. तो, आणि पेट्रोलची वाफहि, हवेहून जड. नौकेंत ती तळाच्या खोलगट भागांत पाण्यासारखी सांचते. पेट्रोलचें एंजिन सुरू करण्यापूर्वीं तळांतील पंखा निदान चार मिनिटें चालवावा असें तिकडील तटरक्षक दल सांगतें. पुष्कळ मालक या कारणासाठीं विजेचीच शेगडी पत्करतात.

आतां सुतारकाम. आणि येथें मी जरा रेंगाळणार आहें, कारण हें माझें आवडतें प्रकरण.

नौकेंत काटकोन नाहीं. भिंत खालीं आंत वळते, पुढें निमुळती होते, छप्पर मध्यें फुगलेलें असतें. पाणसळ लावून उपयोग नाहीं, कारण टेकूंवरची नौका स्वतःच सरळ उभी नसते; सगळीं मापें नौकेच्याच रेषांवरून घ्यावीं लागतात. मग वांकड्या कवचास तंतोतंत बसेल अशी फळी कापावयाची कशी? त्याची एक फार जुनी रीत आहे. रिकाम्या जागेंत एक जुनापुराणा पातळ तक्ता घट्ट बसवावा. एक टोंकदार पट्टी घ्यावी. तिचें टोंक कवचाच्या एका बिंदूला टेकवावें, पट्टी तक्त्यावर आडवी ठेवून तिच्या कडेनें पेन्सिलीची रेघ ओढावी, आणि पट्टीवरील ठराविक खांच कोठें आली त्याची खूण करावी. असे वीस-पंचवीस बिंदु घ्यावे. मग तो तक्ता उचलून नव्या फळीवर ठेवावा, तीच पट्टी त्याच रेघांना व त्याच खुणांना जुळवावी, आणि प्रत्येक वेळीं तिचें टोंक जेथें येईल तेथें टिंब द्यावें. टिंबें जोडलीं कीं कवचाची वळणें फळीवर उतरलीं. फूटपट्टी नाहीं, आंकडा नाहीं, गणित नाहीं. माझ्या वर्गांतील मुलांना हें दाखवितां आलें असतें तर भूमितीचा तास त्यांना इतका नकोसा वाटला नसता.

फळी कापल्यावर तिच्या कडांना राळेचा हात द्यावा, कारण प्लायवूड पाणी पितें तें कडेनें. जमिनीसाठीं सागवानाच्या गडद पट्ट्या व मध्यें हॉली नांवाच्या पांढऱ्या लांकडाच्या बारीक रेघा असलेलें प्लायवूड वापरण्याचा प्रघात आहे. तें दिसतें सुंदर. सागवानाची थोरवी आपणांस सांगावयास नको. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका १८१७ सालीं पाण्यांत उतरली, आणि ती आज इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे. पण ज्या तेलामुळें सागवान टिकतें त्याच तेलामुळें त्यावर सरस धरत नाहीं. चिकटविण्यापूर्वीं लगेच ॲसिटोननें पुसून घ्यावें लागतें. शिवाय या प्लायवूडवरील सागवान कागदाइतकें पातळ असतें. यंत्रानें घांसलें कीं एका क्षणांत खालचें फिक्कट लांकूड दिसूं लागतें.

वजनाकडे तर फारच थोड्यांचें लक्ष असतें. ही नौका लाटेवर चढून धांवण्यासाठीं बांधलेली आहे. कित्येक जण स्वयंपाकघरांत घरच्यासारखा ग्रॅनाइटचा ओटा घालतात. दोन सेंटिमीटर जाडीचा दगड चौरस फुटास सुमारें पांच किलो भरतो. असा ओटा, जाड लांकडी कपाटें, मोठें शीतकपाट, सगळें पुढच्या भागांत भरलें कीं नौका नाक खुपसून चालते आणि तेल अधिक पिते. आंत मधमाशांच्या पोळ्यासारखी पोकळ रचना असलेल्या फळ्या मिळतात. त्यांवर दगडाचें वा लांकडाचें पातळ पापुद्रें चढवितात. महाग आहेत, पण ज्यांस दगडच पाहिजे त्यांनीं तो असा घ्यावा. आणि कांहीं विकत आणण्यापूर्वीं दाराची रुंदी मोजावी. घरांतील सोफा नौकेच्या दारांत अडकून बसलेला मीं पाहिला आहे. तो पाय कापूनहि आंत गेला नाहीं.

कापड व गाद्या सर्वांत शेवटीं. जुन्या नौकांत छताला मऊ स्पंजाचें अस्तर लावलेलें प्लॅस्टिक-कापड असतें. कांहीं वर्षांनीं त्या स्पंजाची भुकटी होऊन सगळें छत पोटासारखें लोंबूं लागतें. तें पुन्हां चिकटत नाहीं, काढूनच टाकावें लागतें. गाद्यांचें गुपित मिठांत आहे. आपल्या घरांत आषाढांत मिठाची बरणी जशी पाझरते, तसेंच एकदां समुद्राच्या पाण्यानें भिजलेल्या गादीचें होतें: तींतील मीठ हवेंतील ओल सतत ओढीत राहतें, आणि ती कितीहि उन्हांत घातली तरी संध्याकाळीं पुन्हां दमट. ती आधीं गोड्या पाण्यानें धुवावी, मगच वाळवावी. हीच गोष्ट गालिच्याची. म्हणून मी गालिचा नकोच म्हणतों. गादीखालीं सलग फळी न ठेवतां पट्ट्या ठेवाव्या, म्हणजे निजलेल्या अंगाच्या उबेनें खालीं दंव धरत नाहीं.

फळ्या बसवितांना आणखी एक पथ्य आहे. ज्या फळीमागें तोटी, पंप, तारेचा जोड किंवा टांकीचें झांकण असेल ती फळी खिळ्यांनीं वा सरसानें बसवूं नये. स्क्रूंनीं बसवावी, आणि त्या स्क्रूंचीं डोकीं उघडीं ठेवावीं. दिसावयास तीं थोडीं खटकतात. पण भर समुद्रांत नळी सुटली असतां सुंदर फळी कुऱ्हाडीनें फोडण्याची वेळ आलेल्या माणसास कोणतें दृश्य पसंत पडेल हें सांगावयास नको. काम संपल्यावर शेजाऱ्यांनीं नौकेचा एक नकाशा काढला: कोणत्या फळीमागें काय आहे, प्रत्येक तारेचा क्रमांक कोणता, समुद्राचें पाणी आंत घेणाऱ्या तोट्या किती व कोठें. तो कागद प्लॅस्टिकांत घालून संडासांतील कपाटाच्या दारावर आंतून चिकटविला आहे. सर्वांत मोठी तोटी त्याच कपाटाखालीं आहे, आणि ती कशी बंद करावयाची हें त्यांच्या थोरल्या नातीला आतां अंधारांतहि येतें.